समाधानी कुटुंब, दृश्य क्रमांक नऊ

३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

फोनवर तुझ्या लाँड्रीतल्या यंत्रांचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा येतो, म्हणून पत्र लिहिते आहे. काम महत्त्वाचं आहे आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही.

वाचनालयात नोकरीला लागून मला तीन महिने झाले. पदवी मिळाली तेव्हाच मी ठरवलं होतं की पहिल्या पगारातून आईबाबांना बाहेर जेवायला न्यायचं. बाबा म्हणाले, "कशाला?" मी महिनाभर रोज विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "जायचंच असेल तर माझ्या उद्यानात. दुसरीकडच्या खुर्च्यांचा मला भरवसा नाही." सव्वीस वर्षं त्यांनी तिथल्या बोटीच्या सफरीतले यंत्रावरचे पुतळे हलते ठेवले. ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत तिथे पाहुणा म्हणून एकदाही बसले नाहीत. आईने तर ती सफर पाहिलेलीच नाही, कारण तिला बोट लागते.

बाबांची अट एकच. कोणी गाणं म्हटलं, टाळ्या वाजवल्या किंवा त्यांना टोपी घातली तर ते उठून जातील. म्हणून उद्यानाच्याच तुझ्या रिसॉर्टमध्ये वर्षअखेरच्या सुट्टीत एखादं साधं, शांत, मला परवडेल असं जेवण शोधून दे.

खरं कारणही सांगते. बाबा जेवताना मध्येच थांबतात, हे तू पाहिलं असशील. घास हातात, नजर समोर, जणू घरात कोणी नाहीच. मग एकदम पुन्हा जेवायला लागतात. विचारलं तर म्हणतात, "काही नाही." आईला वाटतं, मीठ चुकलं. ती लग्नापासून मीठ कमीजास्त करून पाहते आहे. परवा ती मला म्हणाली, "दुसऱ्या कोणाच्या हातचं जेवताना थांबतात का, ते मला एकदा बघायचंय. तिथेही थांबले तर मी सुटले. नाही थांबले, तर यापुढे मी चूल पेटवणार नाही. तुझ्या पदवीवर जेवा दोघं." हे ती हसत म्हणाली नाही.

माझा स्वतःचा अंदाज असा की इतकी वर्षं एकट्याने काम केल्याची एक खंत त्यांच्या मनात साठली आहे आणि ती जेवताना वर येते. मी त्यावर एक छोटं भाषणही तयार केलं आहे. पण आधी टेबल हवं.

तुझी भाची

९ नोव्हेंबर

पदवीधरबाई,

तुझं पत्र मी इस्त्रीच्या टेबलावर ठेवून तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा ते जरा करपलं.

साधं, शांत आणि परवडणारं. यातलं एक मागितलं असतंस तर शोधलं असतं. इथे सुट्टीच्या दिवसांत साधं जेवण हा गुन्हा आहे. मी काही आत जाऊन बसत नाही, पण टेबलक्लॉथ सगळे माझ्याकडेच येतात आणि डागांवरून मला सगळं कळतं. चाच्यांच्या जहाजातल्या टेबलक्लॉथना सुऱ्यांची भोकं असतात. तिथे वेटर घरातल्या एका माणसाला पळवून नेतात आणि गोडाच्या वेळेला परत आणतात. मागच्या वर्षी एका बाईने नवऱ्याला परत घेतलंच नाही. राजवाड्यातल्या जेवणात राजा दर पदार्थाला घंटा बडवतो, त्यामुळे सगळे डाग दचकून सांडल्याचे. सगळ्यांत स्वस्त अस्वलाचं जेवण, पण अस्वल मिठी मारतं आणि मग टेबलावर बसतं. त्या टेबलक्लॉथचं वर्णन मी लिहीत नाही.

ज्या टेबलक्लॉथवर फक्त सूपचे दोनचार थेंब आहेत, म्हणजे माणसं निवांत जेवून उठली आहेत, असा एकही माझ्या हाताखालून गेलेला नाही. पंधरा वर्षांत एकही नाही.

दादाच्या थांबण्याबद्दल वहिनीला सांग, तिने मिठाचा विचार सोडून द्यावा. त्याचं कारण मला माहीत आहे, पण ते मी लिहिणार नाही.

आत्या

ता. क. लिहितेच. मी सात वर्षांची असताना त्याच्या ताटात मुद्दाम खडा टाकला होता. त्याचा दात पडला. तेव्हापासून तो घास तपासून खातो. मला वाटलं होतं, विसरला असेल. वहिनीला सांगू नकोस. दादाला तर नकोच.

१४ नोव्हेंबर

मा. आनंद विभाग यांस,

आपल्या रिसॉर्टमध्ये २८ डिसेंबरच्या संध्याकाळी मला चार माणसांसाठी जेवणाची जागा हवी आहे. आमच्या गरजा: एक टेबल, चार खुर्च्या, पुरेसा उजेड, गरम अन्न. आम्हाला गाणी, टाळ्या, टोप्या, अपहरण, घंटा आणि अस्वल यांपैकी काहीही नको. या सर्व गोष्टी आम्ही घेणार नसल्यामुळे दरात काही सवलत मिळू शकेल का? माझे वडील आपल्याच उद्यानात सव्वीस वर्षं मेकॅनिक होते. मात्र त्या कारणासाठी मी सवलत मागत नाही, कारण ते मला योग्य वाटत नाही.

आपली नम्र

२० नोव्हेंबर

प्रिय आनंदप्रेमी पाहुण्या,

आपल्या पत्राने आमचा विभाग आनंदित झाला आहे!

आपली गरज ओळखून आम्ही आपल्याला 'शांतता महाभोज' सुचवत आहोत. यात चाळीस ढोलवादक शांततेची घोषणा करतात. त्यानंतर पाहुणे दोन मिनिटं शांत बसतात आणि पुन्हा ढोल वाजतात. शांतता हा आमचा सर्वांत महागडा अनुभव असल्याने त्याचा दर इतर भोजनांच्या तिप्पट आहे. अस्वल वगळता येईल, परंतु त्याचे वेगळे शुल्क पडेल, कारण त्याला थांबवून धरावे लागते.

आपली,
आनंद अधिकारी (द्वितीय श्रेणी)

२४ नोव्हेंबर

मा. आनंद अधिकारी (द्वितीय श्रेणी) यांस,

आपण इतक्या मनापासून उत्तर दिलंत, म्हणून मीही मनापासून लिहिते. माझी आई सव्वीस वर्षं असं समजते आहे की तिचा स्वयंपाक माझ्या वडिलांना आवडत नाही. हे खरं आहे की नाही, ते पाहायला आम्हाला तासभर निवांत बसायचं आहे. त्या तासात ढोल वाजले तर ते जेवणारच नाहीत आणि आम्हाला काहीच कळणार नाही. आपल्या एवढ्या मोठ्या उद्यानात अशी एकही जागा नाही का, की जिथे माणसं फक्त जेवतात?

आपली नम्र

५ डिसेंबर

प्रिय पाहुण्या,

आपलं पत्र मी दोनदा वाचलं. उद्गारचिन्हं मुद्दाम घातलेली नाहीत.

अशी जागा आहे. एकच आहे. बोटीच्या सफरीतलं दृश्य क्रमांक नऊ, 'समाधानी कुटुंब'. त्यात टेबलाभोवती चार पुतळे जेवत असतात: वडील, आई, मुलगी आणि आत्या. चारही पुतळे रंगकामासाठी गेले आहेत आणि जानेवारीपर्यंत परत येणार नाहीत. पण सफर बंद ठेवता येत नाही. तिथली ध्वनिफीत तर सांगतेच आहे की 'डावीकडे पाहा, समाधानी कुटुंब जेवत आहे', आणि डावीकडे कोणीच नाही. गेल्या आठवड्यात पाहुण्यांच्या एकोणीस तक्रारी आल्या. एकाने विचारलं, समाधानी कुटुंबाचं नेमकं काय झालं?

आपण चौघे २८ तारखेला संध्याकाळी सहा ते सात तिथे बसू शकाल. जेवण कर्मचाऱ्यांच्या दरात. गाणं नाही, टाळ्या नाहीत. नियम तीनच: बोट जाताना जेवत असावं, बोटीतल्या लोकांना हात करू नये, आणि चेहरा शक्यतो समाधानी असावा.

आनंद अधिकारी (द्वि. श्रे.)

१० डिसेंबर

अगं ए पदवीधर,

डोकं ठिकाणावर आहे का? लोक पैसे देऊन जेवायला जातात आणि तू स्वतःच्या आईबापाला पुतळ्यांच्या जागी बसवतेस? शेजारीपाजारी विचारतील, कुठे जेवलात, तर वहिनी काय सांगणार, दृश्य क्रमांक नऊमध्ये?

तुझी ती आनंद अधिकारी काल लाँड्रीत आली होती. मी समजत होते, फेटाबिटा बांधलेला कोणी पुरुष असेल. चाळिशीची बाई, डोळ्यांखाली काळं, खिशात अर्धा पाव. मला म्हणाली, चौथी जागा आत्याची आहे आणि तुम्ही खऱ्याच आत्या आहात, हे किती छान.

बरं, येते. टेबलक्लॉथ मी माझ्या हाताने इस्त्री केला आहे, पांढरा. पण दादाला सांगितलंस का? आणि तो खडा?

आत्या

१४ डिसेंबर

प्रिय आत्या,

काल सांगितलं. मला वाटलं होतं, बाबा रागावतील. ते म्हणाले, "नऊ नंबर?" मी हो म्हटलं. "डावीकडची खुर्ची माझी," ते म्हणाले, "तिचा पाय मी बसवलाय." आणि आत जाऊन बूट पुसायला बसले. अजून दोन आठवडे आहेत.

आईने विचारलं, बोटीत बसावं लागेल का? मी सांगितलं, नाही, मागच्या दाराने जायचं. तर म्हणाली, "मग ठीक आहे. मला बोटीत नाही बसायचं, ह्यांच्या समोर बसायचंय."

आत्या, आता मला भीती वाटते आहे. ते तिथे न थांबता जेवले तर? मी चांगलं करायला गेले आणि आईच्या हातून तिचं स्वयंपाकघर माझ्यामुळे सुटलं तर? वाचनालयात दिवसभर पुस्तकं लावताना हाच विचार चालू असतो. खड्याचं मी कोणालाही सांगितलेलं नाही.

तुझी भाची

२९ डिसेंबर

प्रिय आत्या,

अस्वल सूपच्या पातेल्यात पडलं, हे ऐन वेळी कळलं. तुला त्याचा पोशाख धुण्यासाठी थांबावं लागलं, याचं फार वाईट वाटलं. तुझा टेबलक्लॉथ मात्र वेळेवर आला. आता सगळं क्रमाने सांगते.

तू नाहीस म्हटल्यावर आत्याची खुर्ची रिकामी राहिली. ध्वनिफितीत तर 'आणि त्यांची लाडकी आत्या' असं आहे. आनंद अधिकारी पाच मिनिटं घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी तुझा अंबाड्याचा टोप डोक्यावर चढवला, म्हणजे पुतळ्याचा, इथेच राहिलेला, आणि बसल्या. "नमस्कार, मी आत्या," त्या आईला म्हणाल्या. आई म्हणाली, "बसा वन्सं." आईला अशा वेळी काही सुचावं लागत नाही.

खोली छान आहे. तीन भिंती, एक दिवा, एक रंगवलेली खिडकी. चौथ्या बाजूला पाणी. वेटर बोटीतून दिसू नये म्हणून टेबलाच्या उंचीखालून रांगत येतो, सूपचे वाडगे वर सरकवतो आणि रांगतच जातो. मी त्याला धन्यवाद म्हटलं तर खालून आवाज आला, "बोलू नका, बोट."

पहिली बोट आली. 'डावीकडे पाहा, समाधानी कुटुंब जेवत आहे. यांना काहीही कमी नाही.' आम्ही तिघी नियमाप्रमाणे भराभर जेवायला लागलो. मी इतकी घाबरले होते की रिकामाच चमचा तोंडात घातला. आणि बाबा थांबले. चमचा हवेत, नजर समोर, अगदी घरच्यासारखे.

आईने चमचा खाली ठेवला. आत्या, तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. कोर्टातून निर्दोष सुटल्यावर माणूस असाच दिसत असेल. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सूपकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "मीठ बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्यापेक्षा वाईट आहे सूप, पण मीठ बरोबर आहे."

मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. मी पर्समधून भाषण काढायच्या बेतात होते.

तेवढ्यात दुसरी बोट आली आणि बाबा पुन्हा थांबले. बोट गेली, जेवायला लागले. तिसरी बोट यायच्या आधी, म्हणजे पाण्याचा आवाजसुद्धा आला नव्हता तेव्हा, त्यांचा हात थांबला. मग बोट आली. आई आता जेवत नव्हती. ती नुसती पाहत होती, भाताला उकळी येताना पाहते तशी.

चौथ्या बोटीनंतर ती म्हणाली, "अहो, घरी बोट नसते."

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"घरीही थांबता तुम्ही. असेच."

"मी?"

"रोज. सव्वीस वर्षं."

बाबा माझ्याकडे वळले. "मी थांबतो?"

मी मान हलवली. आत्या, त्यांना माहीतच नव्हतं गं! आम्ही "काय झालं" म्हणून विचारायचो आणि ते "काही नाही" म्हणायचे, कारण त्यांच्या लेखी खरंच काही झालेलं नसायचं.

मग त्यांनी त्या रंगवलेल्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिच्यामागे एक स्टूल आहे. नऊ नंबरमधल्या वडिलांचं कोपर दिवसातून दहादा अडकायचं, म्हणून लांब जाता यायचं नाही. बाबा डबा तिथेच खायचे. पहिल्याच वर्षी खिडकीच्या कापडावर त्यांची सावली हलताना दिसली आणि बोटीतली एक बाई 'भूत' म्हणून ओरडली. वरच्या साहेबांनी सांगितलं, पुन्हा हललात तर नोकरी गेली. "तेव्हा आपलं लग्न नुकतंच झालं होतं," असं ते आईकडे पाहून म्हणाले. मग बोट आली की थांबायचं. दर चार मिनिटांनी. बोट पाण्यात सुटली की खालची कडी वाजते, ती त्यांना आधी कळते.

"आणि मी मीठ बदलत बसले!" आई म्हणाली.

"तरीच," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, तुझा हातच तसा. रोज वेगळा. मला आवडायचं ते. डबा उघडताना वाटायचं, आज काय असेल."

आई हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दोन्ही एकदम. मी तिला रुमाल द्यायला उठणार, तर खालून वेटरचा आवाज, "बसा, बसा, बोट!" 'यांना काहीही कमी नाही,' ध्वनिफीत म्हणाली. बाबा स्तब्ध. आई हसतेय, रडतेय. मी तोंड उघडं टाकून बघतेय. आणि अधिकारीबाई मान खाली घालून पाव खात होत्या, माझासुद्धा. त्या म्हणाल्या, सुट्ट्या लागल्यापासून पहिल्यांदाच बसून जेवल्या.

भाषण मी काढलंच नाही. त्यात खंत हा शब्द अकरा वेळा होता.

टेबलक्लॉथ परत पाठवला आहे. बघ.

तुझी भाची

३ जानेवारी

बाळा,

टेबलक्लॉथ मिळाला. सूपचे चार थेंब. आणि वहिनीच्या जागेसमोर पाणी सुकल्याचा एक गोल, त्याला डाग म्हणता येणार नाही. मी तो धुतलेला नाही. घडी करून माझ्या पेटीत ठेवला आहे. हिशोबात 'अस्वलाने फाडला' असं लिहिलं आहे.

म्हणजे खडा नव्हता? मी पंचेचाळीस वर्षं त्या माणसासमोर जेवायला बसताना मान खाली घालते. आता त्याला विचार. तूच विचार, मला धीर होत नाही.

आत्या

६ जानेवारी

मा. निवृत्त मेकॅनिक, दृश्य विभाग, यांस

विषय: दृश्य क्रमांक नऊमधील बिघाडाबाबत.

२८ डिसेंबर रोजी सफर केलेल्या पाहुण्यांकडून पुढील तक्रारी नोंदवहीत आल्या आहेत. आईच्या पुतळ्याच्या डोळ्यांतून पाणी गळते. वडिलांचा हात मध्येच अडकतो. मुलीचे तोंड मिटत नाही. (आत्याच्या पुतळ्याबाबतची तक्रार मी वगळली आहे.) एका पाहुण्याने असेही लिहिले आहे की इतके खरे पुतळे त्याने आजवर पाहिले नाहीत आणि तो घरी जाऊन आईला भेटून आला.

रंगवलेले पुतळे आता परत आले आहेत. तरीही मेकॅनिकने तपासणी करून सही केल्याशिवाय तक्रार बंद करता येत नाही, आणि नवा मेकॅनिक म्हणतो की हे त्याच्या काळातलं नाही. कृपया येऊन जावे. आल्यास पाव मी आणेन.

आनंद अधिकारी (द्वि. श्रे.)

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

काल बाबा हत्यारांची पेटी घेऊन उद्यानात जाऊन आले. आईही गेली होती, मागच्या दाराने. चारही पुतळे त्यांनी नीट तपासले. वडिलांच्या कोपराला तेल घातलं. मग नोंदवहीत आईबद्दलच्या तक्रारीपुढे लिहिलं: 'तपासले. बिघाड नाही.' आणि खाली सही केली. तेवढ्यात आईने खिडकीमागचं ते स्टूल पाहिलं, त्यावर बसून पाहिलं आणि म्हणाली, "उशी तरी मागायची होतीत."

खड्याचं विचारलं. बाबा म्हणाले, "कुठला खडा?" बराच वेळ आठवून मग म्हणाले, "अच्छा, तो! तो दात आधीच हलत होता. तिला सांग, माझं काम वाचलं." तेव्हा आता मान वर करून जेवायला ये. अस्वल धुऊन झालं की सुट्टी काढ.

घरी मीठ आता रोज एकसारखं असतं. बाबा कुरकुर करतात की मजा गेली. थांबणं मात्र तसंच आहे, ते काही जाणार नाही. पण आता त्यांचा हात थांबला की आईही चमचा खाली ठेवते, मीही ठेवते आणि आम्ही तिघं गप्प बसून राहतो. मग आई म्हणते, "गेली बोट. जेवा."

तुझी भाची